मायक्रोसिमेंटला दर पावसाळ्यात फुगे, पोपडे आणि लोणा: पुन्हा थर देण्याआधी काय तपासावे

नाशिकमधील तळमजल्याच्या घरांत आणि रो-हाउसांत मायक्रोसिमेंटची, म्हणजे भिंतीवर आणि जमिनीवर देतात त्या पातळ, अखंड सिमेंटी लेपाची, एक तक्रार ठरावीक क्रमाने येते. जुलैच्या मध्यावर भिंतीला जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रुपयाएवढे फुगे दिसू लागतात, गणपतीच्या सुमारास त्यांतले काही फुटून पोपडे सुटतात, ऑक्टोबरच्या उन्हात त्याच जागी पांढरी पूड जमते आणि दिवाळी तोंडावर आली की ठेकेदार तेवढा भाग घासून, नवा थर आणि वर सीलर देऊन मोकळा होतो. हिवाळा-उन्हाळा भिंत दृष्ट लागण्याजोगी राहते. पुढच्या जुलैत फुगे त्याच जागी, बहुधा थोड्या मोठ्या परिघात, पुन्हा उठतात.

मायक्रोसिमेंटचा पूर्ण थर अवघा २ ते ३ मिलिमीटर जाडीचा असतो. सिमेंट, बारीक खनिज पूड, रंगद्रव्य आणि चिकटपणा देणारे अ‍ॅक्रिलिकसारखे पॉलिमर यांचे ते मिश्रण असल्यामुळे त्याची पकड, सपाटपणा आणि आयुष्य या तिन्ही गोष्टी खालच्या पृष्ठभागावर अवलंबून राहतात. वर दिलेला पॉलियुरेथेनचा सीलर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसाच तो आतल्या वाफेलाही सहजी बाहेर पडू देत नाही. मागून आलेली ओल त्या पातळ थरापाशी येऊन अडते, तिथे दाब वाढतो आणि पकड जिथे सर्वांत कच्ची असेल तिथून थर उचलला जातो. पाणी कोठून येते हे न शोधता दिलेला नवा थर जुन्यापेक्षा अधिक टिकण्याचे काहीच कारण नसते. विक्रेते या साहित्याला सरसकट ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. सीलर शाबूत असेपर्यंत पृष्ठभागावरचे पाणी आत जात नाही एवढाच त्याचा अर्थ. भिंतीतून किंवा कोब्यातून येणारे पाणी अडवणे हे त्याचे काम नाही आणि ते त्याच्याकडून होतही नाही.

पोपड्याची मागची बाजू

तपासणीची सुरुवात सुटलेल्या पोपड्यापासून करावी. फुगा आलेल्या जागी पातळ पात्याच्या सुरीने टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा अलगद सोडवून घ्यावा आणि पुसण्याआधी उजेडात उलटा धरून पाहावा. पाठीवर बोटाला लागणारी पांढरी पूड असेल आणि भिंतीवरही तीच पूड उरली असेल, तर मायक्रोसिमेंटने आपली पकड सोडलेली नाही. त्याखालची पुट्टी मधोमध फाटली आहे. रंगवलेल्या भिंतीवरची पुट्टी किंवा डिस्टेंपर न खरवडता वरूनच काम उरकले की हा प्रकार होतो, आणि अशा भिंतीला थोडीशी ओलही पुरते. पाठ स्वच्छ, राखाडी आणि गुळगुळीत असेल, तर खाली बहुधा जुनी टाइल किंवा तेलकट रंग आहे आणि प्रायमरने तो धरलेलाच नाही. पाठीला वाळूचे कण चिकटून आले असतील, तर गिलावाच भुसभुशीत आहे. त्यावर पुरेसे दिवस पाणी मारले गेले नसावे, आणि मग वरचा माल कितीही भारी असला तरी त्याचा उपयोग नाही.

चौथा प्रकार या लेखाच्या मुळाशी आहे. तुकडा ओलसर निघतो, खाली पाण्याचा थेंब किंवा दमटपणा सापडतो, कुबट वास येतो. आणि तोच तुकडा कोरड्या दिवसांत काढला तर थराच्या मागे कापसासारखे मऊ, पांढरे स्फटिक दिसतात. हा लोणा. गिलावा, विटा, माती किंवा बोअरचे पाणी यांतले क्षार ओलीबरोबर विरघळून पुढे येतात आणि पाणी उडून गेले की स्फटिकरूपाने मागे राहतात. सिमेंटमधला मोकळा चुनाही असाच बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. उघड्या गिलाव्यावर लोणा नुसता कुरूप दिसतो. सीलरखाली मात्र स्फटिकांना वाढायला जागा नसते, म्हणून ते थरालाच ढकलतात.

तुकडा पाहून झाला की आजूबाजूची भिंत नाण्याने ठोकून पोकळ आवाजाची हद्द पेन्सिलने आखावी आणि बाजूला तारीख लिहावी. पोकळी डोळ्यांना दिसणाऱ्या फुग्यापेक्षा बरीच मोठी निघते. ‘फक्त फुगा आला तेवढेच काढा’ हा घरमालकाचा आग्रह आणि ‘तेवढेच काढतो’ ही ठेकेदाराची तयारी, या दोन्हींचे उत्तर त्या पेन्सिलच्या रेषेत असते.

ओल कोठून, हे ठरवण्याच्या चाचण्या

फुगे केव्हा उठतात याची नोंद ठेवावी. पश्चिमेच्या भिंतीवरचे फुगे दुपारी ताणलेले आणि सकाळी बसलेले दिसत असतील, तर भिंत ओली आहे आणि उन्हाने तापल्यावर आतल्या पाण्याची वाफ थराला ढकलते आहे. फुगे भिंतीच्या तळाशी आडव्या पट्ट्यात असतील आणि एक मीटरच्या वर जात नसतील, तर पायातून चढणाऱ्या ओलीचा संशय घ्यावा. छताजवळून खाली येणारे डाग गच्चीकडे किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूमकडे बोट दाखवतात. वर्षभर, अगदी मे महिन्यातही, फुगे येत असतील तर पावसाचा संबंध सोडून नळाच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांकडे वळावे.

जमिनीसाठी प्लास्टिकच्या कागदाची चाचणी स्वस्त आणि पुरेशी बोलकी आहे. थर काढून उघड्या केलेल्या कोब्यावर साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक जाड प्लास्टिक ठेवून चारही कडा टेपने हवाबंद कराव्यात आणि किमान १६ तास तसेच राहू द्यावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा त्याखालचा कोबा गडद झाला, तर ओल खालून येते आहे; प्लास्टिकच्या वरच दमटपणा असेल तर तो हवेतला. सीलर शाबूत असलेल्या जागी ही चाचणी करून ‘जमीन कोरडी आहे’ असा निष्कर्ष काढू नये, कारण तिथे वाफ सीलरखालीच अडलेली असते. हाती धरायचे ओलमापक यंत्र वापरायला हरकत नाही. पण लोणा लागलेल्या भिंतीवर पिनांचे यंत्र क्षारांमुळे वाढीव आकडा दाखवते, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये. त्याच घरातल्या निःसंशय कोरड्या भिंतीशी तुलना करावी.

बाथरूमचा संशय असेल तर नहाणी ट्रॅप बंद करून जमिनीवर बोटभर पाणी साठवावे, कडेला पातळीची खूण करावी आणि २४ तासांनी पाहावे. पातळी उतरली, किंवा पलीकडच्या भिंतीचा तळ गडद झाला, की उत्तर मिळाले. ट्रॅपचीच गळती पाहायची असल्यास थोडी कपड्यांची नीळ मिसळलेले पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतून ते कोठे बाहेर पडते ते शोधता येते. मात्र ते मायक्रोसिमेंटवर सांडू देऊ नये, डाग राहतो. दाबाच्या पाइपांसाठी सगळे नळ बंद करून रात्रभर मीटरवर लक्ष ठेवणे पुरे.

नाशिकच्या घरांतल्या नेहमीच्या वाटा

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, मखमलाबाद या बाजूंच्या रो-हाउसांत सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण साधे आहे आणि ते घराबाहेर असते. बाहेरच्या भिंतीला लागून बागेचा वाफा केलेला असतो, त्यात दरवर्षी माती आणि शेणखत पडत जाते आणि पाच-सहा वर्षांत वाफ्याची पातळी जोत्याच्या वर, घरातल्या फरशीच्याही वर पोहोचते. जोत्यात ओल अडवणारा थर घातलेला असला तरी वाफ्यातले पाणी त्याच्या वरूनच भिंतीत शिरते. शिवाय वाफ्याला रोज पाणी दिले जाते, म्हणजे पाऊस नसतानाही भिंत पुरती सुकत नाही. अशा ठिकाणी आत कोणताही रासायनिक उपाय करण्याआधी फावडे घेऊन वाफा भिंतीपासून फूटभर दूर सारावा, माती जोत्याच्या खाली आणावी, उघड्या पडलेल्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफ गिलावा द्यावा आणि पाणी घरापासून दूर जाईल असा ढाळ काढावा. गुलाब आणि मोगरा मोठ्या कुंड्यांत तितकेच चांगले फुलतात.

दुसरी वाट बाथरूम आणि बेडरूम यांच्यामधल्या भिंतीची. बाथरूमच्या बाजूला जुन्या टाइलवरच मायक्रोसिमेंट दिलेले असते, टाइलखालचे वॉटरप्रूफिंग संपलेले असते आणि फुगे मात्र बेडरूमच्या बाजूला येतात, त्यामुळे दुरुस्ती वर्षानुवर्षे चुकीच्या खोलीत चालते. टाइलवर काम करायला तत्त्वतः हरकत नाही. पण आधी प्रत्येक टाइल ठोकून पोकळ असलेली काढावी लागते आणि सांधे पूर्ण भरून समतल करावे लागतात. ते न केल्यास काही महिन्यांत चौकटीच्या रेषा वर उमटतात, आणि त्या सीलर बदलून जात नाहीत.

भेगांचे कारण वेगळे, पण परिणाम तोच. नाशिकच्या बऱ्याच वसाहती काळ्या मातीवर आहेत; ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. पाया तिच्या खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर कंपाउंडच्या भिंती, पोर्चची जमीन आणि नंतर वाढवलेल्या खोल्या हलतात. मे महिन्यात रुंदावणारी आणि सप्टेंबरात मिटणारी भेग ही या हालचालीची असते आणि तीतून पाणी थेट थरामागे जाते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून त्यांतले अंतर वर्षभरात तीन-चार वेळा मोजावे. अंतर बदलत असेल तर ती भेग मायक्रोसिमेंटने झाकण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे रीतसर सांधा ठेवून तो लवचीक सीलंटने भरावा. कोबा किंवा स्लॅबमध्ये मुळात असलेले प्रसरणाचे सांधेही वरच्या थरात तसेच उघडे ठेवावे लागतात, मग ते अखंड पृष्ठभागाच्या हौसेला कितीही खटकोत.

जुन्या नाशिकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. दगडी जोते, माती-चुन्यातल्या जाड भिंती ओल शोषतात आणि सावकाश बाहेर सोडतात, म्हणूनच त्या इतकी वर्षे उभ्या आहेत. गोदावरीच्या ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजार परिसरात पाणी शिरले होते. अशा भिंती पूर ओसरल्यावरही महिनोन् महिने ओल धरून राहतात. त्यांच्यावर पॉलियुरेथेनखालचे मायक्रोसिमेंट देणे म्हणजे ओल आत कोंडणे. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग द्यावा, आणि मायक्रोसिमेंटची हौस माडीवरच्या कोरड्या खोलीत भागवावी.

दुरुस्तीचा क्रम

पाण्याची वाट बंद झाल्यावर लगेच थर देण्याची घाई करू नये. पोकळ भाग पेन्सिलच्या रेषेच्याही चार बोटे पुढपर्यंत काढावा, लोणा कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढून घ्यावा आणि त्यावर पाणी ओतून धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. लोणा परत उमटला तर परत झाडावा. दोन-तीन आठवडे तो उमटला नाही की भिंत तयार होत आली असे समजावे. गिलावा खराब असेल तर तो विटेपर्यंत काढून नव्याने करावा आणि नव्या गिलाव्यावर रीतसर पाणी मारून त्याला किमान २८ दिवस द्यावेत. काँक्रीट किंवा कोब्याच्या सुकण्याचा ठोकताळा साधारण इंचाला एक महिना असा धरतात आणि तोही कोरड्या हवेत. बहुतेक उत्पादक पृष्ठभागातील ओलीची मर्यादा ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास सांगतात; आपल्या साहित्याच्या माहितीपत्रकातला आकडा पाहावा आणि तोच पाळावा.

जमिनीखालची ओल मुळातूनच बंद करता येत नसेल, जसे की जुन्या तळमजल्याच्या कोब्याखाली प्लास्टिकचा थरच घातलेला नसेल, तर ओलरोधक इपॉक्सी प्रायमरचा आधार घेता येतो. तो ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्झ वाळू भरपूर पेरावी आणि सुकल्यावर सुटी वाळू झाडून टाकावी, म्हणजे मायक्रोसिमेंटला धरायला खरखरीत पृष्ठभाग मिळतो. नुसत्या गुळगुळीत इपॉक्सीवर दिलेला थर पापडासारखा निघतो. या उपायाची एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी: जमिनीत अडलेली ओल कडेच्या भिंतींकडे सरकते, म्हणून भिंतीचा तळचा भाग त्याच वेळी हाताळावा लागतो.

त्यापुढचे काम नेहमीचेच आहे. प्रायमर, क्षाररोधक फायबर जाळी दाबून बसवलेले जाडसर मालाचे दोन हात, बारीक मालाचे दोन हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपरने घासणे आणि शेवटी सीलरचे किमान दोन हात. घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, तेव्हा कारागिराने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही; एन-९५ मास्क लागतो. मिश्रणातले पाणी मोजूनच घालावे. दुपारी माल घट्ट होऊ लागला की त्यात गडूभर पाणी मारून तो सैल करण्याची मिस्त्रींची जुनी सवय इथे महागात पडते: त्या मालाचा रंग फिका पडतो आणि सुकताना केसासारख्या भेगा येतात. आणि ठिगळ लपत नाही, हे मालकाने आधीच मान्य केलेले बरे. थोड्या भागाची दुरुस्ती असली तरी शेवटचा बारीक हात आणि सीलर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पूर्ण भिंतीला द्यावा.

वेळेचेही पथ्य आहे. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना सीलर दिला तर तो दुधाळ होतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हे काम टाळावे. एप्रिल-मेच्या उन्हात माल पाटा फिरवण्याआधीच ओढतो आणि सांध्यांच्या खुणा राहतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा सीलर देण्याचे काम सकाळी उशिरा सुरू करून दुपारीच संपवावे. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि नंतर फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडच्या फार्महाउसांत पाऊस शहराच्या कितीतरी पट अधिक पडतो आणि घरे आठवडाभर बंद असतात, तिथे भिंत सुकायला डिसेंबर उजाडेल असे धरून चालावे.

पावसाशी संबंध नसलेले पांढरे डाग

प्रत्येक पांढरा डाग लोणा नसतो. ओल्या फडक्याने पुसल्यावर नाहीसा होऊन वाळल्यावर परत येणारा डाग लोण्याचा. पुसूनही जागचा न हलणारा, नळाभोवती आणि शॉवरखाली जमणारा थर बोअरच्या जड पाण्याचा. दुसरा घालवण्यासाठी घरोघरी अ‍ॅसिड वापरले जाते, आणि बाथरूममधल्या मायक्रोसिमेंटचा सर्वांत जास्त नाश त्यानेच होतो. टॉयलेट क्लीनरमधले हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सीलरच्या बारीक ओरखड्यांतून आत जाऊन सिमेंट खाते, जागा खरखरीत होते, तिथे पाणी मुरते आणि मालकाला वाटते की पावसाळ्याचा दोष परत आला. व्हिनेगर आणि लिंबूही त्याच वर्गातले, फक्त सौम्य. अंघोळीनंतर रबरी वायपरने भिंत आणि जमीन निपटून घेणे हा जड पाण्यावरचा एकच खात्रीचा उपाय आहे.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हळद, आमसुलाचे पाणी, तेल आणि द्राक्षांच्या या शहरात रेड वाइन यांचे डाग लगेच पुसले तर राहत नाहीत. हळदीचा उरलेला पिवळेपणा उजेडाने बऱ्याच अंशी फिका होतो, त्यासाठी घासून सीलर घालवू नये. देवघराखाली समईचे तेल झिरपू नये म्हणून ताम्हन किंवा फरशीचा तुकडा ठेवावा. रोजच्या पुसण्याला पाण्यात थोडे सौम्य, आम्ल किंवा क्षार नसलेले द्रव साबण पुरे.

सीलर संपला की नाही हे कॅलेंडरवर ठरवू नये. दर तीन-चार महिन्यांनी वापराच्या जागी पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसावा. खालची जागा गडद झालेली दिसली तर सीलरचे काम उरलेले नाही. अशी जागा पूर्ण सुकवून, हलकी घासून, त्याच प्रकारच्या सीलरचे दोन हात द्यावेत आणि आठवडाभर तिथे पाणी साचू देऊ नये. जुन्या सीलरवर दुसऱ्या जातीचा सीलर चालेल का, हे आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून पाहावे.

काम संपल्यावर ठेकेदाराकडून उरलेली पावडर मागून ठेवण्याचा मोह होतो, पण उघडलेल्या पिशवीतले सिमेंट नाशिकच्या एका पावसाळ्यात गठ्ठे धरते आणि निकामी होते. त्यापेक्षा मिश्रणाचे प्रमाण, रंगद्रव्याचे ग्रॅममधले वजन, बॅच क्रमांक आणि सीलरचे नाव कागदावर लिहून घ्यावे, त्याच मिश्रणाचा वीतभर नमुना प्लायच्या तुकड्यावर करवून घ्यावा आणि दोन्ही घराच्या कागदपत्रांच्या फाइलबरोबर ठेवावे. पुढच्या दुरुस्तीत रंग जुळवताना मिस्त्री सर्वांत आधी तेच मागेल.